भाकरी आन् आमटी

काळखिंडीकडं पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली, तेव्हा गावात शिल्लक राहिल्या दोनच गोष्टी: टोके पडलेला किडका मका आणि अब्रू. मका रेशनच्या दुकानात मिळे, तोही दुकानदाराच्या मर्जीनं. ज्वारी सरकारनं आदल्या सालीच लेव्हीत नेली होती. लढाई चालू होती आणि लढाईला भूक फार लागते, असं मामलेदार सांगून गेला होता. अब्रूवर मात्र लेव्ही नव्हती. ती ज्याची त्याच्या घरी, उतू जाईपर्यंत भरलेली होती.

भामाबाईच्या घरी ती जरा जास्तच होती, कारण तिचा नवरा आकाराम पलटणीत होता. तो इटली नावाच्या मुलखात लढत होता. तिथली माणसं रोज शेवया खातात, असं सुट्टीवर आलेल्या एका जवानानं चावडीवर सांगितलं, तेव्हापासून सणावाराशिवाय शेवया खाणाऱ्या लोकांशी आपलं भांडण कसलं, हे भामाबाईला समजेनासं झालं होतं. आकारामची मनीऑर्डर येत होती, नाही असं नाही. पण नोट काही तव्यावर भाजून खाता येत नाही. दुकानात मक्यापलीकडं विकत घ्यायला काही नव्हतं, आणि नाथाजी पाटलाच्या पेवात ज्वारी आहे, हे जमिनीखालच्या गोष्टी बोलू नयेत म्हणून कोणी बोलत नव्हतं.

लढाईवर जाताना आकारामनं पाळण्यातल्या लेकीचं नाव विजयमाला ठेवलं होतं. लढाई संपेपर्यंत नाव खरं ठरेल, अशी त्याची अटकळ. लढाई लांबत गेली, पोरगी मात्र आखूडच राहिली. पाच वर्षांची मालू तीन वर्षांची दिसे. हातपाय काड्या, पोट पुढं, आणि केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे तांबूस. गोऱ्या सायबाच्या लेकीसारखे केस आहेत, असं म्हणून शेजारणी कौतुक करत. दुष्काळात कौतुक तेवढं स्वस्त झालं होतं.

एकदा ही मालू शेजारच्या साळूबाईच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. आत साळूबाईची पोरं जेवत होती. मालू काही मागत नव्हती. नुसती बघत होती, पण बघण्याची तऱ्हा अशी, की ताटलीतला घास जड व्हावा.

"काय गं माले," साळूबाई म्हणाली, "तुज्या आयनं आज चूल पेटवली न्हाई जनू? पलटनीतल्या मान्साची लेक आन् आमच्या उंबऱ्यावर?"

असं म्हणून तिनं ताटली जरा आडोशाला सरकवली. सरकवण्यात वाईट भाव नव्हता. ताटलीत काही नव्हतं, ते दिसू नये, एवढाच हेतू.

साळूबाईचा आवाज भिंतीपलीकडं पोचला. भामाबाई आली, पोरीला दंडाला धरून घरी नेलं, पाठीत एक ठेवून दिली आणि मग जवळ बसवून तिचं शिक्षण सुरू केलं. भामाबाईचं माहेर पाटणच्या खोऱ्यातलं. तिथं ही विद्या पोरांना चालायच्या आधी शिकवत.

"कुनी बी इचारलं, जेवलीस का, तर काय म्हनायचं?"

"भूक लागली."

दुसरी बसली.

"काय म्हनायचं?"

"जेवले."

"काय खाल्लंस म्हनलं तर?"

मालूनं विचार केला. बऱ्याच दिवसांत विचार करण्याजोगं काही पोटात गेलं नव्हतं.

"भाकरी आन् आमटी," भामाबाईनं सांगितलं. "म्हन."

"भाकरी आन् आमटी."

मालूला हा खेळ आवडला. दोन-चार दिवसांत ती स्वतःच येऊन म्हणू लागली, "आये, मला इचार की." भामाबाई विचारी. मालू डोळे मिटून सांगे. मग त्यात भर पडू लागली.

"आमटी कशाची गं?"

"तुरीची. वर तूप."

"तूप नगं म्हनू. तूप कुनाला खरं वाटायचं न्हाई."

"थोडंसंच तूप," मालू म्हणाली. आईला तिचं मन मोडवेना.

ही शिकवणी काही एकाच घरात चालू नव्हती. उंबऱ्याशी उभं राहिलेलं पोर प्रत्येकीला घरी आणावं लागलं होतं, प्रत्येकीनं पाठीत ठेवून दिली होती. त्या उन्हाळ्यात काळखिंडीच्या पोरांच्या तोंडात जेवढी आमटी शिजली, तेवढी सुकाळात चुलीवरही शिजली नसेल.

*

गावाच्या दैन्याची बातमी सांगलीला पोचली. सांगलीत गुळाचे आणि हळदीचे मोठे व्यापारी होते आणि त्यांतले काही मनानंही मोठे होते. वर्धमानशेठ त्यांपैकी एक. त्यांनी चार सद्गृहस्थ गोळा करून 'बालक्षुधा निवारण समिती' काढली आणि आपली थोरली बहीण आक्काताई हिला महिला शाखेची प्रमुख केलं. ठरलं असं, की काळखिंडीच्या चावडीपुढं चूल मांडायची, हुलग्याचं माडगं शिजवायचं, त्यात गूळ घालायचा आणि उपाशी पोरांना रोज सकाळी वाडगा भरून द्यायचा. हुलगे आणि गूळ शेठजींच्या वखारीतून जायचे होते, आणि ते गेलेही. त्यात लबाडी नव्हती. ही गोष्ट लबाडीची नाहीच, असती तर बरं झालं असतं. लबाड माणसाला निदान शिव्या देता येतात.

अट एकच होती. माडगं खऱ्या उपाशी पोरालाच मिळालं पाहिजे. अशा पोराच्या गळ्यात समितीनं पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि बिल्ला बघूनच वाडगा भरायचा. खरी उपाशी पोरं निवडायचं काम समितीचे चिटणीस मदनराव यांच्याकडं आलं. मदनराव पुण्यात राहून बी. ए. झाले होते. माणूस सालस, कामाचा. कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून धूर खात काळखिंडीच्या फाट्यावर उतरले आणि तिथून उन्हाचे पायी चालत गावात आले.

गावात आलेला मोठा माणूस आधी नाथाजी पाटलाच्या ओसरीवर बसे. भामाबाई त्या वेळी पाटलाच्या आतल्या सोप्यात जात्यावर होती. दळायला जाते असं ती म्हणत नसे. लीलाबाई पाटलिणीला मदतीला जाते, असं म्हणे. दळणाचा कोंडा लीलाबाई तिच्या पदरात घाली. त्याला मजुरी म्हणायचं नाही, असं दोघींचं न बोलता ठरलेलं होतं.

जात्यावरून ओसरीवरचं सगळं ऐकू येई.

"दोन घास खाऊन घ्या सायेब," नाथाजी म्हणाला.

"छे छे, मी जेवून आलोय," मदनराव म्हणाले.

ते जेवून आले नव्हते. सकाळी स्टँडवर कपभर चहा घेतला होता, तेवढाच. भामाबाईला हे आवाजावरनं कळलं. रिकाम्या पोटी म्हटलेलं 'जेवलोय' तिला लांबूनही ओळखू येई.

"आसं कसं?" नाथाजी म्हणाला. "जेवून आला आसला तर सांगलीत. इथं कुठं जेवलाय?"

"खरंच नको पाटील, पोट भरलंय."

"आवं, पोट काय, चालताना जिरतं," लीलाबाई दारातून म्हणाली. "पानी तापलंय, पाय धुवा. पान मांडलंय."

"आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..."

मदनराव उठले. पिठलं होतं, ज्वारीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी, दही आणि तूप होतं. ते दर भाकरीला 'पुरे' म्हणाले आणि दर 'पुरे'ला लीलाबाईनं 'येवढीच' म्हणून वाढली. ताटावर हात आडवा धरला, तर हातावरून वाढली. भामाबाई दळत होती. जात्याच्या तोंडाशी सांडलेले दोन दाणे तिनं बोटानं उचलले, जिभेवर ठेवले आणि लीलाबाई बघत नाही ना, हे बघितलं.

जेवता जेवता मदनरावांनी पाटलाला समितीची योजना सांगितली. माडगं, गूळ, बिल्ला. भामाबाईचा हात थांबला.

"मोठ्या माणसांना मी विचारणार नाही," मदनराव सांगत होते. "मदत मिळते म्हटलं की मोठी माणसं खोटं बोलतात. मुलं खोटं बोलत नाहीत. एकेका मुलाला बोलवायचं, साधा प्रश्न करायचा. आपली पद्धत सरळ आहे."

भामाबाई दळण तसंच टाकून उठली. "पोरगीला ताप हाय," असं लीलाबाईला सांगून ती घराकडं सुटली. वाटेत तिनं विचार केला, तो असा: सायेब मालूकडं बघेल. डोळे असलेल्या माणसाला पोरीकडं बघितल्यावर विचारायचं काही राहत नाही. म्हणून तिनं मालूचं तोंड धुतलं, केस विंचरले आणि तिला चावडीवर नेलं. काय बोलायचं, ते सांगितलं नाही. सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. बघायचंच तर काम होतं.

चावडीपुढं पोरं ओळीनं उभी केलेली आणि आयांना लिंबाखाली लांब उभं केलेलं. मदनराव भरल्या पोटी खुर्चीवर बसले होते, शेजारी पाटील. समोर बिल्ल्यांची पिशवी.

पहिला साळूबाईचा पोरगा.

"काय बाळ, जेवलास का?"

पोरगा आईच्या दिशेनं न बघता म्हणाला, "जेवलो."

"शाबास. पुढचा."

पुढचाही जेवला होता. त्याच्या पुढचीही जेवली होती. धनगराच्या बिराप्पाच्या पोराला मराठी नीट येत नव्हतं, म्हणून पाटलानं त्याला कानडीत विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, असं कानडी माणूस भेटल्या भेटल्या विचारतोच. त्यावर झालं, असंच म्हणायचं असतं. पोरानं तसं म्हटलं, "आयतु." मदनरावांनी ते 'आयतं' असं ऐकलं. दुष्काळात लोकांना आयतं खायची कशी सवय लागते, याबद्दल पुढं सांगलीच्या एका भाषणात त्यांनी हळहळून सांगितलं.

मग पाटलाचा नातू गुंडा आला. गाल गुबगुबीत, चड्डी कमरेत घट्ट.

"जेवलास का रे?"

"न्हाई!" गुंडा ओरडला. "मला लय भूक लागलीया. आजीनं दही समदं तुमालाच वाढलं."

मदनराव हसले आणि त्यांनी गुंडाच्या गळ्यात बिल्ला बांधला. प्रश्न सगळ्यांना एकच होता, उत्तरही त्यांनी मनानं घेतलं नव्हतं. तलाठ्याच्या दोन लेकींनाही भूक लागली होती, रेशन दुकानदाराच्या पोराला तर कालपासून लागली होती. ज्यांनी उपास कधी बघितला नव्हता, त्यांना तो कबूल करायची लाजही नव्हती.

मालूची पाळी आली. भामाबाई लिंबाखालून पुढं सरकली.

"बाळ, जेवलीस का?"

"जेवले," मालू खणखणीत म्हणाली.

इथं 'पुढची' म्हटलं असतं, तरी एक वेळ चाललं असतं. पण पोरीचा आवाज मदनरावांना आवडला. त्यांनी मायेनं विचारलं, "वा! काय खाल्लंस?"

इतक्या पोरांत दुसरा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता. मालूनं आयुष्यभर त्याची वाट बघितल्यासारखे डोळे मिटले.

"भाकरी आन् आमटी. आमटी तुरीची. वर तूप. मग शेवया. मग पुरनाची पोळी, दुधात बुडवून. मग परत तूप."

लिंबाखालून भामाबाईचे ओठ हलले. 'तूप नगं,' ती आवाज न करता म्हणत होती. सवयीनं तिला तेवढंच सुचलं. पोरीचा बाप पलटणीत आहे, असं पाटलानं मदनरावांच्या कानात सांगितलं.

"पाटील, आमच्याकडं सुद्धा रोज पोळी नसते," मदनराव म्हणाले. "पलटणीतल्या लोकांची चैन आहे. पुढची."

*

माडगं दुसऱ्या दिवसापासून शिजू लागलं. हुलग्याचा आणि गुळाचा वास गावभर फिरे. त्याला बिल्ला लागत नव्हता. बिनबिल्ल्याची पोरं लांब भिंतीशी उभी राहत, आणि आया त्यांना हाका मारून घरात घेत. गुंडानं पहिल्या दिवशी बोट बुडवून चव बघितली, तोंड वाकडं केलं आणि वाडगा कुत्र्यापुढं ओतला. कुत्र्यालाही बिल्ला नव्हता, पण त्याला कोणी काही विचारलं नाही.

साळूबाई एकदा भिंतीवरून म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्याला नगंच हुतं. हुलगं म्हंजी जनावराचं खाद्य."

"व्हय की," भामाबाई म्हणाली. "आन् गूळ तर उष्ण पडतो पोरांस्नी."

दोघी बराच वेळ वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

मालूला दिवस मावळायच्या सुमाराला दिसेनासं झालं. ती भिंत धरून चाले. मग चालायची थांबली, दारात बसून राहू लागली. एक दिवस भामाबाईनंच तिला खुलवायला म्हणून विचारलं, "माले, काय खाल्लंस गं आज?"

मालूनं डोळे मिटले. "भाकरी," ती म्हणाली, आणि पुढचं काही तिला आठवलंच नाही. तूप नाही, पोळी नाही. आमटीसुद्धा गेली. ती तशीच कलंडून झोपली.

पोरगी काहीच खात नाही, याचं भय भामाबाईला जुनं झालं होतं. पण आता ती खोटंसुद्धा खाईना, तेव्हा आईचा धीर सुटला.

त्याच आठवड्यात कळलं, की आक्काताई केंद्र बघायला येणार आहेत. बाई दयाळू आहे, असं पाटलीण म्हणाली. एखाददुसरं पोर राहिलं असेल, तर त्याला बिल्ला देतील.

भामाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली.

"माले, ऐक. आता कुनी इचारलं, जेवलीस का, तर म्हनायचं, न्हाई."

मालूनं आईचे हात कुठं आहेत, ते आधी बघितलं.

"मारशील," ती म्हणाली.

"न्हाई मारत."

"साळूआत्ती हसंल."

"हसू दे. म्हन, न्हाई जेवले, उपाशी हाय."

मालूनं ते कानात सांगितलं, शिवी सांगावी तसं. भामाबाईनं पुन्हा म्हणायला लावलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. शेजारच्या भिंतीपलीकडं भांड्याचा आवाज थांबलेला तिच्या ध्यानात आला. तिनं मान खाली घातली आणि पोरीला तरीही म्हणायला लावलं.

*

आक्काताई शेठजींच्या मोटारीतून आल्या. पांढरं लुगडं, पायात साध्या वहाणा. खुर्ची दिली, तर बसल्या नाहीत. वाडगे बघितले, माडगं चाखलं, बिल्लेवाल्या पोरांकडं जरा जास्त वेळ बघितलं. गुंडाकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मदन, ही मुलं उपाशी?"

"स्वतः सांगितलंय त्यांनी ताई. मी एकालाही शिकवलं नाही."

तेवढ्यात भामाबाई गर्दीतून पुढं आली. मालू तिच्या कडेवर होती. आक्काताईंनी पोरीला बघितलं. खरंच बघितलं. जवळ आल्या, तांबूस केसांवरून हात फिरवला, दंड दोन बोटांत धरून बघितला. एवढे दिवस जे कोणीतरी करावं असं भामाबाईला वाटत होतं, ते ही बाई करत होती.

"बाळ," आक्काताई हळू म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

मालूनं आईच्या तोंडाकडं बघितलं. भामाबाईनं मान हलवली.

"न्हाई," मालू म्हणाली. "न्हाई जेवले. उपाशी हाय."

चावडीपुढं गाव जमलं होतं. कोणी हसलं नाही. साळूबाईनं पदर तोंडात धरला.

"थांबा ताई," मदनराव पुढं आले. "ही मुलगी मला चांगली आठवते. हिनं मला तूप, शेवया आणि पुरणपोळी सांगितली होती. न अडखळता. आता बघा, उत्तर द्यायच्या आधी आईकडं बघितलं. हे शिकवून आणलेलं आहे."

मदनरावांची नजर बारीक होती. पोर शिकवूनच आणलेली होती. दोन्ही वेळा. पहिल्या वेळी शिकवायला दिवस जास्त मिळाले होते, म्हणून ते खरं वाटलं.

"घरचा मानूस पलटनीत हाय," नाथाजी पाटील कोणाकडंही न बघता म्हणाला. "मनीआर्डर येती दर म्हैन्याला." हेही खरंच होतं. त्या सकाळी चावडीवर खोटं असं कोणीच बोलत नव्हतं.

आक्काताई मात्र हटल्या नाहीत. त्यांचा हात अजून मालूच्या डोक्यावर होता.

"पोरीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "लहान आहे. बाई, तुम्हीच सांगा मला. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन. आज जेवलात का तुम्ही?"

भामाबाईनं आदल्या दिवशी मक्याचा कोंडा पाण्यात कालवून प्याला होता. त्यातलाही वरचा घट्ट भाग मालूला दिला होता. सांगायचं एवढंच होतं. 'न्हाई' म्हणायचं होतं, दोन अक्षरं. पोरीनं गावापुढं ती म्हणून दाखवली होती.

तिनं तोंड उघडलं. समोर पाटील होता, त्याच्या घरी ती दळण दळत नव्हती, मदतीला जात होती. बाजूला साळूबाई होती. मागं सगळी भावकी होती. आणि समोर एक परकी, चांगल्या घरची बाई, चांगल्या शब्दांत विचारत होती, जेवलात का. आजवरच्या जन्मात ह्या प्रश्नाला तिच्या जिभेनं एकच उत्तर दिलं होतं, आणि जिभेला मनाला विचारत बसायची सवय नव्हती.

"व्हय," भामाबाई म्हणाली. "जेवले की."

शिंक यावी तसं ते आलं. परत आत घेता येईना.

मालूनं चटकन आईकडं बघितलं. गेले दोन दिवस तिला जे कळत नव्हतं, ते आता सरळ झालं. नवा खेळ संपला होता, जुनाच खरा होता. तिचं तोंड उजळलं. आई चुकून अर्ध्यावर थांबली, असं वाटून तिनं राहिलेलं पुरं केलं.

"भाकरी आन् आमटी," ती आक्काताईंना म्हणाली.

मदनरावांनी मान खाली घातली. ते जिंकले होते, पण माणूस वाईट नव्हता.

आक्काताईंचा हात पोरीच्या डोक्यावरून निघाला. त्याही याच मुलखात वाढलेल्या. 'जेवले' म्हणणाऱ्या बाईला पुढं काय म्हणायचं असतं, ते त्यांना माहीत होतं. आसं कसं, दोन घास खा, तुम्हाला माझी शपथ. क्षणभर त्यांचे ओठ हललेही. पण आग्रह आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला करतात. समितीच्या केंद्रावर आग्रह कसा करायचा, हे ठरलेलं नव्हतं, आणि समोरच्या बाईचा शब्द खरा धरीन, असं त्या चारचौघांत बोलून बसल्या होत्या.

"मग मी काय करू?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पाटलाकडं वळून म्हणाल्या, "चला."

गर्दी पांगली. साळूबाई भामाबाईच्या बाजूनं चालू लागली. मग म्हणाली, "बरं बोललीस. आपली लाज राखलीस." तिचा आवाज मात्र कोणीतरी मेल्यावर काढावा तसा होता. तिचाही पोरगा बिनबिल्ल्याचाच होता. भामाबाईनं 'न्हाई' म्हटलं असतं, तर कदाचित तिनंही म्हटलं असतं. आता तो रस्ता बुजला होता.

घराकडची वाट पाटलाच्या दारावरून जात होती. ओसरीवर पाहुणे बसले होते. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आमचं जेवण झालंय हो," आक्काताई म्हणत होत्या. "निघताना करूनच निघालो."

"आसं कसं?" लीलाबाई म्हणाली. "मग दूध तरी घ्या. केळं तरी घ्या. तशा जाऊ द्यायची न्हाई."

"नको हो, खरंच पोट भरलंय."

"आवं, येवढंसं. नुसतं ओठाला लावा."

मालूनं आईच्या खांद्यावरची मान उचलली. हा खेळ तिला येत होता. बाईनं पहिलं उत्तर बरोबर दिलं होतं. आता दुसरा प्रश्न यायचा होता, आणि तो ऐकायला म्हणून ती कान देऊन राहिली. आत पेल्यांचा आवाज झाला. कोणीतरी हसलं.

"आये," मालू म्हणाली, "त्यास्नी काय खाल्लं म्हनून कुनीच इचारलं न्हाई."

"नसतंय इचारायचं," भामाबाई म्हणाली, आणि पाय उचलून चालू लागली.

"मग मला इचार की."

भामाबाईनं तिला कडेवर जरा वर सरकवलं. पोरीनं जरा वाट बघितली, मग डोळे मिटले आणि कोणी न विचारताच, आईच्या मानेत तोंड खुपसून, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.